कॅसेटवरील चित्र डिस्कवर पुसट का होते?

(सभास्थानाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आपल्यापैकी जी कुटुंबे १९८० नंतर भारतातून इस्राएलला आली, त्यांच्या सामानात कपडेलत्ते, भांडी आणि तेफिलाची पुस्तके यांच्याबरोबर व्हीएचएस कॅसेटही आल्या. जी त्याआधीच येथे स्थायिक झाली होती, त्यांना तिकडच्या आप्तांनी लग्नकार्यांच्या कॅसेट मागाहून पाठवल्या. त्या कॅसेटवर काय आहे, हे मी आपणांस वेगळे सांगावयास नको. कोणाचे लग्न ठाण्याच्या शआर हाशामाईममध्ये लागलेले आहे, कोणाच्या घरचा मलिदा अलिबागला झालेला आहे, कोणाची आजी मेंदीच्या रात्री मराठी गाणी म्हणते आहे. त्या चित्रांतील कित्येक माणसे आज आपल्यांत नाहीत, आणि ती गाणी चालीसकट म्हणणारे कंठही फार थोडे उरले आहेत. म्हणून या कॅसेटची डिस्क करताना चित्र बिघडले, तर तो केवळ यंत्राचा दोष म्हणून सोडून देता येत नाही.

गेली काही वर्षे मी घरच्या आणि शेजारच्या कुटुंबांच्या कॅसेट संगणकात उतरवून त्यांच्या डीव्हीडी करून देत आहे. या काळात एकच तक्रार मी पुनःपुन्हा ऐकली आहे: "कॅसेटवर आईचा चेहरा स्पष्ट दिसत होता, डिस्कवर मात्र चौकोन चौकोन दिसतात." असे का होते आणि त्यावर उपाय काय, एवढाच आजचा विषय आहे.

दोष नेमका कोठे शिरला?

कॅसेटपासून दूरदर्शन संचाच्या पडद्यापर्यंत चित्राला चार टप्पे ओलांडावे लागतात. पहिला, व्हीसीआर कॅसेट वाचतो. दुसरा, संगणक ते चित्र आकड्यांत उतरवून घेतो. तिसरा, ते आकडे डीव्हीडीत मावावेत म्हणून दाबून लहान केले जातात. यालाच एन्कोडिंग म्हणतात. चौथा, तयार झालेली फाइल डिस्कवर लिहिली जाते आणि प्लेअर ती वाचतो. बिघाड यांपैकी कोणत्याही टप्प्यावर होऊ शकतो. आणि तो कोठे झाला हे न पाहता नवनव्या डिस्क लिहीत बसणे म्हणजे पैसा आणि वेळ दोन्ही वाया घालवणे होय.

शोध घेण्याची रीत सोपी आहे. कॅसेटमधला एखाद्या मिनिटाचा असा भाग निवडावा, ज्यात हालचालही आहे आणि एखादा चेहराही जवळून दिसतो. तोच भाग चार ठिकाणी पाहावा: कॅसेट थेट दूरदर्शनवर लावून, संगणकात उतरवलेल्या मूळ फाइलमध्ये, एन्कोडिंग झाल्यानंतरच्या फाइलमध्ये, आणि शेवटी डिस्कवर. जेथे चित्र पहिल्यांदा बिघडलेले दिसेल, तोच दोषाचा टप्पा. या चाचणीसाठी पुनःपुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू वापरावी, म्हणजे प्रत्येक प्रयोगाला नवी डिस्क खर्ची पडणार नाही.

येथे एक गोष्ट मनात पक्की धरावी. डिस्क लिहिण्याचा वेग कमी केला म्हणून चित्र अधिक सुरेख होत नाही. डिस्कवर चित्र नसते, आकडे असतात. ते आकडे एक तर नीट वाचले जातात किंवा जात नाहीत. नीट वाचले गेले तर चित्र फाइलमध्ये होते तसेच दिसते. वाचले गेले नाहीत तर चित्र थांबते, अडखळते, मध्येच तुटते. म्हणून जी डिस्क सुरळीत चालते पण धूसर किंवा चौकोनी दिसते, तिचा दोष एन्कोडिंगमध्ये किंवा त्याच्याही आधी शोधावा. जी स्वच्छ दिसते पण ठरावीक जागी अडकते, तिचा दोष लिहिण्यात, डिस्कमध्ये किंवा प्लेअरमध्ये शोधावा.

डीव्हीडीत चित्र मावते कसे?

भारतात आणि इस्राएलमध्ये दूरदर्शनची एकच पद्धत चालत आली, ती म्हणजे पाल. तिच्यात दर सेकंदाला २५ चित्रे असतात, आणि डीव्हीडीवर प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते. हे चित्र न दाबता साठवायचे झाले तर दर सेकंदाला सुमारे २ कोटी बाइट लागतात, म्हणजे एका तासाला जवळजवळ ७५ जीबी. एका थराच्या साध्या डीव्हीडीवर जागा असते ४.७ जीबी. संगणकाच्या मोजणीत हाच आकडा ४.३८ असा दिसतो. त्यात कोणीही आपली फसवणूक केलेली नसते, मोजण्याची रीत तेवढी वेगळी असते.

एवढे मोठे चित्र एवढ्या लहान जागेत बसवण्यासाठी डीव्हीडी जी पद्धत वापरते, तिचे नाव एमपेग-२. ती प्रत्येक चित्र पूर्ण लिहीत नाही. एक चित्र पूर्ण लिहिते आणि त्यानंतरच्या दहाबारा चित्रांत काय बदलले तेवढेच नोंदवते. वक्ता एका जागी उभा राहून बोलत असेल तर बदल थोडा असतो आणि काम स्वस्तात होते. पण मेंदीच्या रात्री बायका फेर धरून नाचू लागल्या, नवरानवरीवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या गेल्या, छायाचित्रकाराचा फ्लॅश लखलखला, की प्रत्येक चित्र आधीच्या चित्रापासून अगदी वेगळे होते. मग ठरवून दिलेल्या बिटरेटमध्ये, म्हणजे दर सेकंदाला वापरावयाच्या बिटांच्या मर्यादेत, सारा तपशील मावत नाही. एमपेग-२ चित्राचे लहान लहान चौकोन पाडून काम करते. बिट अपुरे पडले की ती प्रत्येक चौकोनातले बारकावे टाकून देते आणि चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. आपल्या तक्रारीतले "चौकोन चौकोन" ते हेच.

जुन्या कॅसेटवरची मुंगीसारखी वळवळणारी खरखर येथे आणखी घात करते. आपल्या डोळ्यांना ती नगण्य वाटते, पण यंत्राला ती प्रत्येक चित्रात नवी हालचाल वाटते, आणि चेहऱ्यासाठी राखलेले बिट ती त्या खरखरीवर उधळते. म्हणून एन्कोडिंगपूर्वी खरखर सौम्यपणे कमी करणारे फिल्टर लावणे हिताचे असते. सौम्यपणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. जोरात लावले तर खरखरीबरोबर चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही जातात आणि माणूस मेणाचा दिसू लागतो. कॅसेटच्या चित्राच्या अगदी तळाशी जी थरथरणारी पट्टी दिसते, ती काळ्या रंगाने झाकून टाकावी. तेवढेच बिट वाचतात.

घरगुती गणित

किती मिनिटांसाठी किती बिटरेट मिळेल हे काढण्यासाठी एक सोपे सूत्र आहे. ६०० या आकड्याला एकूण मिनिटांनी भागा. उत्तर येईल तो दर सेकंदाचा एकूण बिटरेट, मेगाबिटमध्ये, चित्र आणि आवाज दोन्ही मिळून. १२० मिनिटांच्या डिस्कला ५ मिळतात, १८० मिनिटांना ३.३ आणि २४० मिनिटांना अवघे २.५. ६० मिनिटांना उत्तर १० येते, पण डीव्हीडीच्या नियमाप्रमाणे चित्राला ९.८ हून अधिक देता येत नाही, आणि घरी लिहिलेल्या डिस्कवर ८ च्या वर जाऊ नये. पुष्कळ प्लेअर तेथे अडखळतात.

माझा अनुभव असा की ७२० बाय ५७६ या आकाराच्या चित्राला ५ च्या खाली नेले की नाचगाण्याचे प्रसंग बिघडू लागतात. म्हणून तीन तासांची लग्नाची कॅसेट एका डिस्कवर कोंबू नये. तिचे दोन भाग करावेत: एका डिस्कवर मेंदी आणि हळद, दुसरीवर सभास्थानातला विधी आणि जेवण. असे विभाग पाहणाऱ्यालाही सोयीचे होतात. एकाच डिस्कचा आग्रह असेल तर दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क घ्यावी. मात्र ती जुन्या प्लेअरवर आधी चालवून पाहावी.

आवाजाचे गणितही यातच येते. पुष्कळ प्रोग्राम आवाज न दाबता, पीसीएम स्वरूपात ठेवतात. त्याला १.५ मेगाबिट लागतात. तीन तासांच्या डिस्कवर एकूण ३.३ मेगाबिट असताना त्यातले १.५ आवाजाने नेले, तर चित्राच्या वाट्याला निम्म्याहून थोडेच अधिक उरते. तोच आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये ०.२ मेगाबिटात उत्तम बसतो. कीर्तन असो वा मलिदाची गाणी, कॅसेटवरून आलेल्या आवाजात कानाला फरक कळत नाही, चित्राला मात्र मोठा आधार मिळतो.

आणखी एक मार्ग आहे, जो फारसा कोणी सांगत नाही. व्हीएचएस कॅसेट मुळातच फार तपशील धरत नाही. आडव्या दिशेने मोजले तर तिच्यात सुमारे ३२० बिंदूंइतकेच बारकावे असतात. डीव्हीडीच्या नियमांत ३५२ बाय ५७६ असाही आकार मान्य आहे. त्यात कॅसेटचा बहुतेक सर्व तपशील मावतो, बिंदू मात्र जवळजवळ निम्मे होतात. अर्थात २.५ मेगाबिटात प्रत्येक बिंदूला तेवढेच बिट मिळतात, जेवढे मोठ्या आकारात ५ मेगाबिटांत मिळाले असते. चार तासांची व्हीएचएस एका डिस्कवर ठेवणे भागच असेल तर हा आकार निवडावा. हाय-एट किंवा मिनीडीव्ही कॅसेटला मात्र तो निवडू नये. त्यांच्यात तपशील अधिक असतो.

एकच चित्र किती वेळा दाबले?

झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अक्षरे पुसट होत जातात. एन्कोडिंगचेही तसेच आहे. प्रत्येक वेळी काही बारकावे टाकले जातात आणि ते पुन्हा परत येत नाहीत. पुष्कळ घरांत असे घडते: कॅसेट आधी डीव्हीडी रेकॉर्डरवर उतरवली जाते, तीही सहा तासांच्या ईपी मोडवर, मग ती डिस्क संगणकात घेऊन काटछाट करून दुसऱ्या स्वरूपात साठवली जाते, मग डिस्क तयार करणारा प्रोग्राम ती पुन्हा एमपेग-२ मध्ये दाबतो. तीन वेळा दाबलेले चित्र पाहून आपण कॅसेटला दोष देतो.

यावर उपाय हा की कॅसेट संगणकात उतरवताना ती डीव्ही स्वरूपात उतरवावी. त्याला तासाला सुमारे १३ जीबी लागतात, पण त्यात नुकसान फार थोडे होते आणि प्रत्येक चित्र स्वतंत्र असल्यामुळे काटछाट नेमकी करता येते. सारी काटछाट याच फाइलवर करावी आणि एमपेग-२ मध्ये एकदाच, अगदी शेवटी रूपांतर करावे. हे रूपांतर करताना बदलता बिटरेट आणि दोन फेऱ्या, असा पर्याय असेल तर तो घ्यावा. पहिल्या फेरीत प्रोग्राम कोठे हालचाल जास्त आहे ते पाहून ठेवतो. दुसऱ्या फेरीत शांत भाषणातले बिट वाचवून नाचाला देतो. वेळ दुप्पट लागतो. शब्बाथ संपल्यावर रात्री काम लावून झोपी जावे, सकाळी ते तयार असते.

तयार झालेली एमपेग-२ फाइल डिस्कच्या प्रोग्राममध्ये घेतल्यावर, नियमांत बसणारी फाइल पुन्हा दाबू नये, असा पर्याय त्यात शोधून निवडावा. हा एक पर्याय न पाहिल्यामुळे चांगल्या केलेल्या कामावर पाणी पडलेले मी पुष्कळदा पाहिले आहे.

भारतातून आलेल्या व्हीसीडीबद्दलही दोन शब्द. त्या एमपेग-१ मध्ये, ३५२ बाय २८८ बिंदूंच्या आणि १.१५ मेगाबिटच्या असतात. त्यांची डीव्हीडी केली म्हणून चित्र वाढत नाही; जे गेले ते डिस्क बनवणाऱ्याकडेच गेले. पण डीव्हीडीच्या नियमांत एमपेग-१ चे हे चित्र जसेच्या तसे चालते. बदलावा लागतो तो फक्त आवाज, कारण व्हीसीडीवर तो ४४.१ किलोहर्ट्झचा असतो आणि डीव्हीडीला ४८ लागतो. चित्राला हात न लावता आवाज तेवढा बदलला तर आणखी नुकसान होत नाही.

चौकोन नाहीत, तरी चित्र विचित्र दिसते

काही दोष बिटरेटचे नसतात, आणि बिटरेट वाढवून ते जातही नाहीत. ते लक्षणांवरून ओळखावेत.

पहिले लक्षण: माणसे उभी असताना चित्र उत्तम, पण कोणी चालू लागले की ते पुढेमागे धडधडते. पाल पद्धतीत प्रत्येक चित्राच्या ओळी दोन हप्त्यांत येतात, एकदा विषम ओळी आणि एकदा सम. या प्रत्येक हप्त्याला फील्ड म्हणतात. कोणते फील्ड आधी दाखवायचे ही खूण फाइलमध्ये असते. डीव्ही स्वरूपात खालचे फील्ड आधी असते, तर संगणकात बसवलेली पुष्कळ कॅप्चर कार्डे वरचे आधी देतात. खूण उलटी पडली की काळ पुढे जाऊन मागे येतो, आणि नवरी पाऊल टाकते ते परत घेते असे दिसते. उपाय एकच, तो म्हणजे फील्डचा क्रम मूळ फाइलप्रमाणे ठेवणे. कोणी पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाते असा तुकडा घेऊन दोन्ही क्रमांची चाचणी केली की खरा क्रम लगेच कळतो.

दुसरे लक्षण: संगणकावर हालचालीच्या वेळी कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. हा बहुधा दोष नव्हेच. दोन फील्ड एकाच वेळी दाखवल्याने तसे दिसते. डिस्क दूरदर्शनवर लावली की रेघा जातात. त्या घालवण्यासाठी दोन फील्डचे एकच चित्र करून टाकले, तर सेकंदाला ५० पायऱ्यांनी होणारी हालचाल २५ वर येते आणि नाचातला प्रवाहीपणा कायमचा जातो.

तिसरे लक्षण: सारी माणसे लठ्ठ किंवा चिंचोळी दिसतात. डीव्हीडीवर चौरसाकडे झुकणारे ४:३ आणि रुंद १६:९, दोन्ही चित्रे ७२० बाय ५७६ इतक्याच बिंदूंची असतात. कोणते किती ताणायचे ते केवळ एक खूण सांगते. जुन्या कॅसेटला ४:३ हीच खूण द्यावी. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहिले तर राहू द्यावेत. ते घालवण्यासाठी चित्र वरून खालून कापले, तर मागच्या रांगेत उभ्या असलेल्या नातेवाइकांची डोकी जातात.

चौथे लक्षण: पांढरा तालित नुसता पांढराशुभ्र डाग दिसतो, त्यावरचे पट्टे नाहीसे होतात; काळ्या कोटाच्या घड्याही दिसत नाहीत. दूरदर्शनच्या चित्रात काळ्याचा आकडा १६ आणि पांढऱ्याचा २३५ असतो. संगणक ० ते २५५ वापरतो. एखाद्या प्रोग्रामने एका मोजमापातून दुसऱ्यात विनाकारण रूपांतर केले की दोन्ही टोकांचे बारकावे छाटले जातात, आणि उलट दिशेने केले तर सारे चित्र राखाडी, धुतल्यासारखे होते. हा दोष संगणकाच्या पडद्यावर पारखू नये, दूरदर्शनवरच पाहावा.

पाचवे लक्षण: सर्व काही ठीक असूनही मोठ्या नव्या पडद्यावर चित्र मऊ दिसते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर बिंदू बरोबर पाच पट असतात, म्हणजे आपल्या डिस्कवरचा एक बिंदू पाच जागा व्यापतो. येथे डिस्कचा दोष नसतो. प्लेअर पिवळ्या वायरने जोडला असेल तर एचडीएमआयने जोडावा आणि थोडे दूर बसून पाहावे.

डिस्क लिहिताना

नावाजलेल्या प्रकारच्या कोऱ्या डिस्क घ्याव्यात. १६ च्या कमाल वेगाऐवजी ४ किंवा ८ चा वेग निवडावा आणि लिहून झाल्यावर तपासणीचा पर्याय चालू ठेवावा. डिस्क काठोकाठ भरू नये. लिखाण आतून बाहेर जाते आणि बाहेरच्या कडेजवळ चुका अधिक होतात. म्हणूनच पुष्कळ डिस्क शेवटच्या दहा मिनिटांत अडकतात. शेवटी डिस्क फायनलाइझ करावी, नाही तर दुसऱ्याच्या प्लेअरवर ती चालत नाही. तिच्यावर कागदी लेबल चिकटवू नये. ते एकीकडे जड होते, सुटते आणि डिस्क फिरताना थरथरते. मऊ टोकाच्या, डिस्कसाठीच असलेल्या पेनाने लिहावे. आणि डिस्क उन्हात ठेवू नये. आपल्याकडील उन्हाळ्यात मोटारीत तर मुळीच नव्हे.

व्याख्यानानंतर विचारलेले प्रश्न

कॅसेटच खराब झाली असेल तर?

प्रथम ती एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र ती व्हीसीआरमध्ये घालू नये. बुरशी यंत्रात जाते आणि तेथून पुढच्या कॅसेटवर. तिची सफाई जाणकाराकडून करून घ्यावी. व्हीसीआरचे हेड स्वच्छ असावेत, ट्रॅकिंग हाताने जुळवून पाहावे, आणि ज्या यंत्रावर कॅसेट मुद्रित झाली तेच उपलब्ध असेल तर त्यावरच लावावी. येथे अर्धा तास जास्त घालवणे योग्य, कारण जे व्हीसीआरने वाचले नाही ते पुढचा कोणताही प्रोग्राम परत आणू शकत नाही.

अमेरिकेतल्या मुलीला आम्ही पाठवलेली डिस्क तिच्या प्लेअरवर लागत नाही. रिजन कोडमुळे का?

नाही. घरी केलेल्या डिस्कवर रिजन कोड नसतो. अडचण पद्धतीची आहे. अमेरिकेत एनटीएससी चालते, तीत ७२० बाय ४८० बिंदू आणि सेकंदाला जवळजवळ ३० चित्रे असतात. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर त्यांची डिस्क चालवतात, त्यांचे पुष्कळ प्लेअर आपली चालवत नाहीत. तिने ती संगणकावर लावली तर बहुधा चालेल. डिस्कच हवी असेल तर एनटीएससी डिस्क मूळ डीव्ही फाइलवरून करावी, तयार पाल डिस्कवरून नव्हे.

आम्ही कॅसेट कोणाकडे तरी दिली होती. त्यांनी डिस्क दिली आणि कॅसेट टाकून दिली. आता चित्र सुधारेल का?

त्या डिस्कची नक्कल संगणकात जशीच्या तशी उतरवून ठेवावी, ती पुन्हा दाबू नये. प्रोग्रामने चौकोनांच्या कडा थोड्या मऊ करता येतात, पण हरवलेला तपशील परत येत नाही. म्हणूनच माझी सर्वांना विनंती आहे की काम कोणाकडेही द्या, देताना कॅसेट परत मिळेल हे आधी ठरवून घ्या.

मग कॅसेट किती दिवस जपायच्या? डिस्क झाली की काम संपले ना?

डिस्क ही पाहण्याची प्रत आहे, जपण्याची नव्हे. ती करताना आपण पंच्याहत्तर जीबीतले सत्तर टाकून दिलेले असतात. जपायची ती डीव्ही फाइल, आणि तीही दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर: एक आपल्या घरी, दुसरी मुलाच्या किंवा बहिणीच्या घरी. वर्षातून एकदा, रोश हाशानाच्या आधीच्या सफाईत म्हणा, दोन्ही जोडून फाइल उघडते की नाही ते पाहावे. फाइलच्या नावात कुटुंबाचे नाव, गाव, प्रसंग आणि वर्ष मराठीत आणि हिब्रूत लिहावे, म्हणजे नातवंडांनाही सापडेल. आणि त्या चित्रात कोण कोण आहे हे सांगू शकणारे वडीलधारे अजून आपल्याजवळ आहेत, तोवर त्यांच्याबरोबर बसून प्रत्येकाचे नाव कागदावर उतरवून घ्यावे.

कॅसेट मात्र टाकू नका. कोरड्या, थंड जागी, उभ्या ठेवा. पुढे अधिक चांगले यंत्र हाती आले तर तीवरूनच नवी फाइल काढता येईल.